उघड्या मानेच्या तिघी

स्तामेनाकाकू आमच्या शेजारी राहायला आली ती तीन कोंबड्या घेऊन. कपड्यांची गाठोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागे पडली होती, कोंबड्यांची टोपली मात्र तिने स्वतःच्या मांडीवर धरली होती. वरच्या वाडीतलं तिचं घर वसंतातल्या पावसाने खचलं होतं. उन्हाळाभर ती त्या खचलेल्या घरातच राहिली, कारण खाली मुलाकडे यायचं म्हणजे सुनेच्या हाताखाली यायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी चुलीवरचं छत कोसळलं तेव्हा तिहोमिर जाऊन तिला घेऊन आला.

तिहोमिर तिचा एकुलता एक मुलगा. भला माणूस. भला म्हणजे काय, तर त्याला तोंड आहे, पण ते जेवण्यापुरतं.

सून रोसांदा. तिच्या आणि माझ्या अंगणात कुंपण एकच, त्यामुळे त्या घरातलं मला दिसत नाही असं फार थोडं आहे. ती लग्न होऊन वरच्या वाडीतल्या घरात आली तेव्हा याच काकूने तिला टेबलाशी बसू दिलं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा तशी रीतच होती, नव्या सुनेने सगळ्यांचं होईपर्यंत उभं राहायचं. बाकीच्या घरांत हे आठवडाभर चालायचं, फार तर एखादा सण येईपर्यंत. काकूने ते रोसांदाच्या मुलीचा, यास्नाचा, जन्म होईपर्यंत चालवलं. पोटुशी रोसांदा भिंतीला टेकून उभ्याने जेवायची. याबद्दल ती पुढे कधी चकार शब्द बोलली नाही. एकदा भांडून मोकळी झाली असती तर बरं झालं असतं.

ट्रॉली थांबली तशी रोसांदा हात पुसत बाहेर आली, रीतीप्रमाणे सासूच्या हाताचं चुंबन घेतलं आणि टोपलीत डोकावली.

"ह्या काय आई, सोलूनच आणल्यात?"

उघड्या मानेच्या कोंबड्या होत्या त्या. डोंगरात ही जात अजून पाळतात. मानेवर एक पीस नाही, नुसती लालभडक कातडी. दिसायला अगदी ध्यान, पण कडाक्याच्या थंडीतही अंडी देतात.

"तुझ्या त्या तांबड्यांना पुरून उरतील," काकू म्हणाली. "दार उघड खुराड्याचं."

"असं कसं? नव्या कोंबड्या एकदम आत सोडायच्या नसतात. तुम्हीच शिकवलंय मला. आधी जाळीआड ठेवायच्या. एकमेकींना बघू दे, सवय होऊ दे."

"बरं, तसं कर. आणि माझी गाठोडी कुठे ठेवू?"

"तुमचंही तसंच करू या की," रोसांदा म्हणाली. तिने अंगणाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे त्यांचं उन्हाळी स्वयंपाकघर आहे. एक खोली, एक शेगडी, मिरच्या भाजायचा पत्रा आणि आता त्यात टाकलेली एक खाट. "तुमच्या तिघी माझ्या कोंबड्यांबरोबर एका दांडीवर झोपायला लागल्या की तुम्ही घरात. चुलीशेजारची खोली तुमची. संत दिमित्रीच्या सणापर्यंत जमलं तर जमलं. नाही जमलं तर त्यांचं सूप, आणि तुमच्यासाठी शहरातल्या वृद्धाश्रमात आम्ही विचारून ठेवलंय."

मला वाटलं म्हातारी आता तिला फाडून खाईल. तिने मुलाकडे पाहिलं. तिहोमिर खाली वाकून ट्रॅक्टरच्या चाकात काय रुतलंय ते बघत होता. मग काकू हसली.

"कोंबड्यांवर पैज लावतेस? माझ्याशी?"

"पैज कसली, आई. सवय होईपर्यंतची गोष्ट आहे."

संत दिमित्री त्या घराचा संत. नोव्हेंबरात त्याचा दिवस येतो, पाहुणे येतात, आणि त्याच्या आसपास थंडीही येते. उन्हाळी स्वयंपाकघराच्या भिंती एका विटेच्या आहेत. तेव्हा म्हातारीचा जीव त्या तीन कोंबड्यांत अडकला होता असं मी म्हणते, ते उगाच नाही.

तिने मन लावून काम केलं. जाळीआड तिघींना ठेवलं आणि आपण शेजारी तिपाई टाकून बसली. रोज थोडी जागा बदलायची, रोज जाळीच्या दोन्ही बाजूंना दाणे टाकायचे, म्हणजे सगळ्या जणी समोरासमोर खातील. रोसांदाच्या तांबड्या कोंबड्या जाळीपाशी येऊन बघायच्या. त्यांची म्होरकी पाशा. नाव तिहोमिरने ठेवलेलं. अंगाने दांडगी, तुरा एका डोळ्यावर पडलेला. ती खायला आली की बाकीच्या बाजूला व्हायच्या आणि जी व्हायची नाही तिच्या डोक्यात चोच बसायची. सगळ्यांत जास्त मार खायची एक लंगडी. तिची पाठ कायम उघडी.

मग काकूने राकिया काढली. आलुबुखाराची, तिच्या स्वतःच्या भट्टीची, खचलेल्या घरातून वाचवून आणलेली शेवटची बाटली. आमच्याकडे सगळे हेच करतात. जुन्या-नव्या सगळ्यांच्या पिसांना दारू चोळायची, म्हणजे सगळ्यांना एकच वास येतो आणि कोण परकी ते कळत नाही. तिने एकेक कोंबडी काखेत धरून चोळली, पाशालासुद्धा. अंगण खानावळीसारखं घमघमत होतं.

"थोडी मला पण ठेव काकू," मी कुंपणावरून म्हणाले.

"तुला कशाला? तुझा वास गावाला माहीत आहे, लेपोसावा."

अशी तिची जीभ. म्हणून तिची कीव करायला मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी उघडली. काकूने दाणे हातात घेतले होते, सगळ्या अंगणात दूरदूर फेकणार होती, म्हणजे प्रत्येकीला आपापला कोपरा मिळाला असता. पण तिच्या आधी रोसांदा बादली घेऊन आली आणि सगळा मका एकाच जागी, एका ढिगात ओतला. तांबड्यांना तिने आदल्या संध्याकाळी खायला घातलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण अंधार पडेपर्यंत त्या ओरडत होत्या.

पुढचं सांगायला नको. भुकेल्या कोंबड्या, एक ढीग आणि तीन लाल माना. वास एक असून काय उपयोग, डोळे तर होतेच. पाशाने पहिलीच्या मानेवर बसून कातडी ओढली. बाकीच्या धावल्या. काकू काठी घेऊन मध्ये शिरली आणि तिघींना जाळीआड कोंबलं. दोघींच्या माना रक्ताने भरल्या होत्या, तिसरीचा एक डोळा गेला होता.

रोसांदा पायरीवर उभी होती. "घाई झाली वाटतं," ती म्हणाली.

मी घरातून डांबराचा डबा नेऊन दिला. जखमेवर पाइनचं काळं डांबर फासलं की लाल दिसत नाही, मग बाकीच्या टोचत नाहीत. काकू बोटाने डांबर लावत होती.

"मुद्दाम केलं तिने," मी म्हणाले.

"मग मी काय आंधळी आहे?"

"तिहोमिरला सांग."

"त्याला दिसलं. खिडकीत होता."

थंडी सुरू झाली. आम्ही मिरच्या ओवायला बसलो तोवर पहाटेचं दहिवर गोठायला लागलं होतं. काकू तिपाईवर बसून लांब सुईने लाल मिरच्या दोऱ्यात ओवत होती आणि खोकत होती. जाळीआड तिघींच्या माना भरून आल्या होत्या. सण चार दिवसांवर आला होता. रोसांदा यास्नाला घेऊन बाजाराला गेली होती, तिहोमिर रानात. मी आमच्या बाजूला मिरच्या निवडत होते.

काकूने मूठभर मका मांडीवर घेतला आणि जिभेने टकटक आवाज काढला. पाशा आली. म्होरकी ती, खाणं सगळ्यांआधी तिचं. काकूने तिला उचलून मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, दाणे भरवले. पाशाने सुखाने डोळे मिटले. मग काकूने मिरची ओवायची सुई तिच्या तुऱ्यात खुपसली आणि बाहेर ओढली. परत खुपसली, दोन-तीनदा, शिवण घालावी इतक्या शांतपणे. रक्त तुऱ्यावरून डोळ्यावर उतरलं. तिने पाशाला अलगद खाली सोडलं आणि उठून जाळीचं दार उघडून ठेवलं.

पहिली चोच लंगडीने मारली.

पाशा वळून तिच्यावर धावली, पण तोवर दुसरी मागून आली. मग सगळ्या. जिने जिने तिचा मार खाल्ला होता ती प्रत्येक. पाशा कुंपणाच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहिली. कोंबडी घाबरली की असंच करते, डोकं लपवते आणि अंग उघडं टाकते. मी डांबराचा डबा आणायला उठले.

"तुझं डांबर घरात ठेव, लेपोसावा," काकू म्हणाली. ती परत तिपाईवर बसली होती, मिरच्या ओवत.

मी डबा आणला नाही. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. आणि काकूच्या त्या तिघी बाहेर येऊन काकूच्या मांडीवरून सांडलेला मका निवांत टिपत होत्या, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. थोड्या वेळाने एकडोळी त्या घोळक्यात शिरली आणि तिनेही पाशाला टोचलं. तेव्हा मला कळलं की जमलं.

रोसांदा आली तेव्हा पाशात अजून धुगधुगी होती. डोक्याच्या जागी काय होतं ते सांगवत नाही. रोसांदाने तिची मान पिरगाळली आणि तिला हातात लटकवून ती उभी राहिली. तिने मिरच्यांच्या माळेकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, सासूच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं आता आभाळ फाटणार. पण ती पाशाला सोलायला आत घेऊन गेली. संध्याकाळी खुराड्याचं दार उघडून तिने आत बघितलं. तांबड्यांच्या मधे दाटीवाटीने तिघी दांडीवर बसलेल्या.

"बोलले तसं," ती म्हणाली. "चला आई. घरात चला."

काकू उठली. किती ताठ चालली ती अंगणातून. मला डोळा मारून गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांचा मिरच्या भाजायचा पत्रा परत द्यायला गेले, तर मला जेवायलाच बसवलं. पाशाचं सूप होतं. काकू चुलीकडे पाठ करून बसली होती, गाल उबेने लाल झाले होते. तिने पावाकडे हात नेला. रोसांदाने सूप वाढायचा डाव त्या हातावर मारला. जोरात नाही, पण बोटांच्या सांध्यांवर, बरोबर.

"आधी पाहुणे, आई."

काकूने हात मागे घेतला. मी पाव घेतला. मग काकूने पुन्हा हात पुढे केला आणि डाव पुन्हा बसला. "आधी तुमचा मुलगा." तिहोमिरने घेतला, मान वर न करता. मग यास्नाची पाळी. ती पोरगी एरवी आजीच्या कुशीत शिरणारी, तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, आजीसमोरचा शेवटचा तुकडा उचलला आणि खुदकन हसली. कुणी तिला रागावलं नाही. मीसुद्धा नाही, माझं तोंड सुपाने भरलेलं होतं.

सणाच्या दिवशी घर भरलं होतं. काकू टेबलाच्या मानाच्या टोकाला, डोक्याला नवा रुमाल. पाहुण्या बायका रोसांदाला म्हणत होत्या, धन्य आहे बाई तुझी, सासूला किती मानाने ठेवलंस. रोसांदा लाजून हसत होती. काकूच्या हातांवरचे काळेनिळे डाग तेवढे मी बघत होते. समोर ताटं भरभरून होती आणि ती कशालाच हात लावत नव्हती.

नंतरच्या आठवड्यात ती कुंपणापाशी आली. रुमालाखाली चेहरा एवढासा झालेला.

"लेपोसावा, तुझं ती ऐकते. सांग तिला, मला परत त्या उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊ दे म्हणावं. थंडी चालेल मला. तिकडे दाराला आतून कडी होती, आणि आत मी एकटी होते."

"तूच तर आत जायला एवढं केलंस."

"केलं," ती म्हणाली. "सांग तिला."

मी सांगितलं. रोसांदा खुराड्याशी उभी राहून दाणे टाकत होती, अंगणभर, दूरदूर, प्रत्येकीला मिळतील असे.

"ह्या थंडीत? म्हाताऱ्या बाईला अंगणात झोपवू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, लेपोसावा." तिने बादली झटकली आणि घराकडे तोंड करून हाक मारली. "आई, जरा बाहेर या. ही जाळी काढून टाकू. सगळ्या एक झाल्या, आता कशाला हवी?"

काकू बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, मी नकाराने मान हलवली. रोसांदाने खुंट्यांवरून जाळी सोडवली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. म्हातारीने ते धरलं, आणि सून गुंडाळत गुंडाळत तिच्याकडे येत गेली तसं नीट, ताणून धरून ठेवलं.