चुरगळलेली चादर

चहाचा ट्रे खुळखुळत आला आणि दारापुढून तसाच पुढे गेला.

हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलेल्या सिस्टरनी वाट पाहिली. अंघोळ, वेणी, सगळं कधीच आटोपलं होतं. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी पहाटेची जाग काही निवृत्त झाली नव्हती. खिडकीबाहेर समुद्र होता आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. हंगाम संपला होता.

ही सुट्टी धाकट्या भावाने दिलेली. तो आणि वहिनी दोघंही सोबत येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचं यायचं बिनसलं. "तू जा गं ताई. काही करायचं नाही, नुसतं आयतं बसून खायचं," भाऊ म्हणाला होता.

शेवटी त्या खाली गेल्या.

"माझा चहा राहिला का?"

मॅनेजरने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, तुम्ही आहात होय? आम्हाला वाटलं, कंटाळून परत गेलात. मावशी म्हणाल्या, खोली रिकामी आहे."

जिना पुसणाऱ्या मावशींनी मान वर केली. "मग काय म्हणू? परवा खोलीत गेले, काल गेले. चादरीला सुरकुती नाही, टॉवेलची घडी मोडलेली नाही. माणूस राहिल्याची काही खूण नको?"

"पलंग मीच आवरते."

"आणि बॅग?"

"कपाटात."

"बाई, तुम्ही पाहुण्या की भूत?" मावशी हसल्या. "सगळं तुम्हीच करायचं, तर मला पगार कशाला देतात?"

सिस्टरही हसल्या. पण चहा पिताना 'पाहुण्या की भूत' हे शब्द मनातून जाईनात.

वॉर्डात त्यांच्यासारखा बेड कोणी घालत नसे. पेशंट घरी जावो की देवाघरी, चादर अशी ताणायची की आधीच्या माणसाचा मागमूस राहू नये. तीच सवय अंगात भिनली. भावाकडे राहायला गेल्या, की घर जागं व्हायच्या आत त्यांचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात गेलेलं असे. "ताईंचा काही म्हणजे काही त्रास नाही हो," वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यांना ते कौतुक वाटायचं.

दुपारी भावाचा फोन आला. "मजा आहे ना, ताई?"

"आहे की," त्या म्हणाल्या. पुढे काही विचारील म्हणून थांबल्या. त्याने घाईत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या तेव्हा चादर पायाशी गोळा झाली होती, उशीला डोक्याचा खळगा पडला होता. हात सवयीने पुढे झाले. त्यांनी ते मागे घेतले, पदरात गुंडाळले. जाताना टॉवेलही खुर्चीवर तसाच टाकला आणि चोरी केल्यासारख्या लगबगीने किनाऱ्यावर गेल्या. सारा वेळ जीव खोलीत होता.

परतल्या तेव्हा पलंग आवरलेला होता. चादर एका बाजूला जास्त लोंबत होती, कोपरा नीट खोचला नव्हता, मधे एक घडी तशीच राहिली होती. उशी मात्र थोपटून फुगवलेली होती. टेबलावर चहाचा कप झाकून ठेवला होता.

त्यांचा हात त्या लोंबत्या कोपऱ्याकडे गेला. बोटांनी कापड चाचपलं आणि सोडून दिलं.

आपला पलंग आजवर दुसऱ्या कोणी घातला होता का, हे त्यांना आठवेना.

मग चपला काढून, चादर फार हलू नये अशा बेताने, त्या कडेला आडव्या झाल्या.