उलथापालथीचे सतरा अर्थ

छत्तीसगढ हे नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात गुढियारी वस्तीतल्या बाबारावांच्या तोंडी एकच शब्द बसला होता. पोरगा सुधाकर भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे सोडवून थकून घरी आला, की ते म्हणायचे, "सारी उलथापालथ आहे बाप्पा." घरभाडी वाढली, ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, तरी तेच. जानेवारीत एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आठव्या दिवशी दवाखान्यात त्यांनी सुनेकडे, चित्राकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "उलथापालथ."

तेवढाच शब्द उरला होता. पाणी मागायचं तरी तोच, कूस बदलायची तरी तोच. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाकीचे शब्द येतीलही, सांगता येत नाही. सुधाकर पाटी घेऊन बसला आणि 'पाणी' म्हणवून घेऊ लागला. बाबारावांनी डाव्या हाताने पाटी भिरकावली. उभा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर हुकूम सोडलेला माणूस. पोराने अक्षरं गिरवून घ्यावीत, हे त्यांना सोसलं नाही. सुधाकर बाहेर जाऊन रडला.

चित्राने शिकवलं नाही, ती ऐकत राहिली. होळीपर्यंत तिला कळलं होतं, की शेवट तोडून म्हटलं तर पाणी, लांबवून म्हटलं तर कूस, दोनदा भराभर म्हटलं तर पंखा. भाजीत मीठ कमी असलं तर पहिल्याच अक्षरावर जोर. आणि अगदी हळू, तिच्याकडे न पाहता म्हटलं, तर लघवीचं भांडं. एकदा तिने मुद्दाम त्याच शब्दात उत्तर दिलं. त्या एका शब्दावर दोघांचं चांगलं भांडण जुंपलं आणि शेवटी म्हातारा अर्ध्या तोंडाने हसला. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरा तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता.

एप्रिलमध्ये नव्या सरकारी कार्यालयातून तिला टायपिस्टच्या नोकरीचं पत्र आलं. परीक्षा तिने सासऱ्यांच्या आजारपणाआधी दिली होती. पत्राची घडी घालत तिने सुधाकरला सांगितलं, की नाही म्हणून कळवते. मामाजींचं बोलणं दुसऱ्या कोणाला समजणार? तेवढ्यात बाजेवरून शब्द आला, कधी न ऐकलेल्या सुरात.

"पानी पाहिजे का मामाजी?"

त्यांनी मान हलवली. डावा हात दाराकडे केला. ओठ जुळवत राहिले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला.

"जा," ते म्हणाले.

चित्राने पत्र बाजूला ठेवलं. "तुमाले कोन पाहीन?"

"जा," ते पुन्हा म्हणाले आणि पत्राकडे बोट केलं.

मग शेजारच्या माया दीदी दिवसा थांबायला तयार झाल्या. त्यांचं बोलणं छत्तीसगढी, म्हणून चित्राने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं हिंदीत लिहून दिलं. सतरा अर्थ झाले. माया दीदी एकेक सूर म्हणून पाहायच्या. चुकला, की बाबाराव भुवया चढवायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "हव, समझ गेंव."

पहिल्या दिवशी चित्रा सहाला टेम्पोतून उतरली, ती जवळजवळ धावतच घरी आली. माया दीदींनी सांगितलं, की सगळं नीट झालं. फक्त चार वाजल्यापासून बाबूजी दाराकडे पाहून काहीतरी म्हणून राहिलेत, ते काही कागदावर नाही. चित्रा बाजेपाशी गेली. बाबाराव तोच शब्द म्हणाले, शेवटी सूर वर नेत, विचारल्यासारखा.

ती पाय पोटाशी घेऊन तिथेच जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. मशीनचं एक बटण अडतं, साहेब हळू बोलतात, शेजारच्या टेबलावरची बाई दुर्गची आहे, तिने डब्यातली चटणी दिली. मध्येच ती थांबली, की बाबाराव म्हणायचे, "उलथापालथ?" आणि ती पुढचं सांगायची.