सहाला नऊ, आठाला बारा

लातूरच्या त्या क्लासात दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी सकाळी भिंतीवर यादी. वरचे चाळीस पहिल्या बॅचला, बाकीची गर्दी शेजारच्या हॉलात. चाकूरहून रोज एसटीनं येणाऱ्या लुंबिनीला निदान तो चाळिसावा नंबर हवाच होता. दहावीचं वर्ष, आणि पहिल्या बॅचला खुद्द सिद्धराम सर शिकवायचे.

ती एक्केचाळिसावी आली. एका मार्कानं.

मार्क गेला समरूप त्रिकोणात. एबी सहा, बीसी आठ, एसी दहा, पीक्यू नऊ, तर पीआर किती? तिचं उत्तर बारा, आन्सर कीत पंधरा. पेपर घेऊन ती तडक सरांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, गणितात एबीसी समरूप क्यूपीआर दिलंय. एची जोडी क्यूशी, बीची पीशी. म्हणजे पीआरची संगत बाजू बीसी. सहाला नऊ, तर आठाला बारा."

सर अक्षरांवर बोट फिरवत गेले आणि क्यूवर थबकले. क्लासात कायम एबीसीला पीक्यूआरच लावायचं, त्या सवयीनं त्यांनी पीआरला दहाची बाजू जोडून टाकली होती.

"बरोबर हाय गं तुझं."

झालं काम, लुंबिनीला वाटलं.

"पण यादी लागली, पालकांना फोन गेले. आता कुणाला उठवू? चल, पोरांना समजावून सांग हे."

पहिल्या बॅचसमोर तिनं दोन्ही त्रिकोण काढले, जोड्या लावल्या, बारा आणून दाखवलं. चाळिसाव्या नंबरचा वीरेश पुढच्या बाकावर भराभर उतरवून घेत होता. मध्येच थांबला.

"सर, माझं पंधरा होतं. मार्क कटणार का?"

"न्हाई रे. लिही तू."

"लई भारी शिकवती की," मागून एकजण म्हणाला. "ठेवा सर हिला इथंच, फळा पुसायला."

वर्ग हसला. सरही हसले.

लुंबिनीनं खडू ठेवला, ओढणीला हात पुसले आणि शेजारच्या हॉलात गेली. तिथं अमरनाथ सर तेच गणित सोडवत होते. फळ्यावर पंधरा.

"सर, ते बारा हाय," ती दारातूनच म्हणाली.

"मोठ्या सरांची आन्सर की हाय ही. उशिरा यायचं आन् वर मलाच शिकवायचं? बस खाली."

ती शेवटच्या बाकावर बसली. शेजारच्या मंजुश्रीच्या वहीवर तिनं बोट ठेवलं. "खोड ते. बारा लिही."

"आन् मार्क कटला म्हंजे?" मंजुश्रीनं वही आपल्याकडं ओढून घेतली.