किसनरावांच्या खिशातला प्लग

मित्रांनो, देहानं मी तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडासाच मोठा. खाली लोखंडी आटे, वर पांढरी चिनी माती आणि टोकाशी वाकवलेली एक जाड पट्टी. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला ठिणगी देणारा मी स्पार्क प्लग. आता वय झालं माझं. माझी हकिकत गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे माती भट्टीत भाजताना आमचा स्वभावही ठरवत. काही प्लग गरम जातीचे. त्यांच्या मातीचं नाक, म्हणजे इंजिनात डोकावणारं टोक, लांब असतं, ते उष्णता धरून ठेवतात आणि अंगावर साचलेली काजळी स्वतःच जाळून टाकतात. रोजच्या, हळू चालणाऱ्या गाड्यांना ते बरे. मी थंड जातीचा. माझं नाक आखूड. अंगातली उष्णता मी लगेच इंजिनाच्या लोखंडाला देऊन मोकळा होतो. रोजच्या गाडीत माझ्यावर काजळी चढते. पण जिथे आग फार, तिथे मीच टिकतो.

आम्ही चार भाऊ एकाच खोक्यातून धामणगाव बढ्याला आलो, किसनरावांच्या गॅरेजात. खोकं उघडलं ते त्यांच्या मुलीनं, पुष्पांजलीनं. तिचे हात ग्रीसनं काळे होते आणि डाव्या हाताच्या नखांवर लाल रंग होता. शाळेत असल्यापासून ती वडिलांच्या शेजारी बसून इंजिनं उघडत आली होती. मामानं टाकून दिलेली एक जुनी मोटार तिनं ओढून आणली, सुट्टे भाग मिळवत उभी केली आणि तिला नायट्रस ऑक्साइडची बाटली जोडली. हा वायू स्वतः जळत नाही, मित्रांनो. पण तो जळणाला जास्तीचा प्राणवायू पुरवतो. मग इंजिनात जादा पेट्रोल जळतं, गाडी अंगात आल्यासारखी पळते आणि आतली उष्णता भयंकर वाढते. म्हणून अशा गाडीला प्लग निवडणं हे साधं काम नाही.

पुष्पांजलीनं आम्हाला निवडलं. फट मोजायची फिलरची पातळ पट्टी सरकवून आमच्या टोकांमधली फट तिनं नेहमीपेक्षा कमी केली, म्हणजे त्या जोरातही ठिणगी विझू नये. कोण कुठल्या सिलिंडरमध्ये बसणार ते कळावं म्हणून तिनं आमच्या डोक्यावर नखांच्या रंगाचे ठिपके दिले. माझ्यावर दोन.

पहिली शर्यत जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवर होती. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि सरळ सुटायच्या. गाडी तिनं स्वतः चालवली. तिनं बटण दाबलं आणि वायू आत आला, तेव्हा माझ्याभोवती जे पेटलं त्याला आग म्हणणंही कमी आहे. पण मी तापून लाल झालो नाही. आम्ही जिंकलो.

गाडी थांबल्यावर तिनं आम्हाला काढलं, उन्हात धरलं आणि भिंगातून पाहिलं. आमची माती बिस्किटाच्या रंगाची झाली होती, म्हणजे आग नेमकी हवी तेवढीच होती. "ब्येस," एवढंच ती म्हणाली. माझ्या आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. ती आम्हाला न्याहाळत वाकलेली असताना तिकडे चषक देणं चाललं होतं. तो तिच्या धाकट्या भावाच्या, गोकुळच्या हातात गेला. गावात जो फोटो फिरला त्यात गोकुळ आणि किसनराव होते. पुष्पांजलीची पाठ होती.

ती हसली होती तेव्हा. मला मात्र ते आजही हसण्यासारखं वाटत नाही.

पुढची शर्यत मोठी होती. एका गॅरेजला एकाच चालकाचं नाव देता येत होतं. किसनरावांनी जेवताना सांगितलं, "या खेपेले गोकुळ चालवीन. गॅरेज पुढं त्यालेच पाहायचं हाये. लोकायनं त्याले पाहिलं पाहिजे."

पुष्पांजलीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "गाडी मी बांधली ना बाबा?"

"मंग? कोण नाई म्हणते? तूच तयार करून देशीन त्याले."

आणि तिनं खरंच तयार करून दिली. गोकुळ मात्र नवे प्लग घेऊन आला. महाग, चमकदार, सुईसारख्या बारीक टोकाचे आणि गरम जातीचे. एका व्हिडिओत त्यानं ते पाहिले होते.

"हे रोजच्या गाडीले चांगले हायेत," पुष्पांजली म्हणाली. "गॅस सोडला का हे टोक लाल होईन. मंग ठिणगीच्या आधीच आग लागीन अन् पिस्टन जाईन."

"तुले सगळं माहीत असते," गोकुळ म्हणाला.

किसनरावांनी एका हातात मला आणि दुसऱ्या हातात तो नवा प्लग घेतला. दोघांची टोकं पाहिली. त्यांना कळत होतं. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. "पुष्पा बरोबर म्हणते," ते म्हणाले आणि मला परत इंजिनात बसवलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, मित्रांनो. पुढचं सगळं त्यामुळेच जास्त कडू लागतं.

शर्यतीच्या दिवशी पुष्पांजली गाडीच्या तपासणीचं विचारायला आयोजकांच्या मांडवाकडे गेली. गोकुळ हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीच्या दारात बसला होता. "तिचेच प्लग टाकायचे त तिलेच चालवू द्या," तो बापाकडे न बघता म्हणाला. "मी कायले पाहिजे?"

किसनरावांनी मांडवाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं. पाना फिरला, आणि आम्ही चौघे एकामागून एक बाहेर आलो. आमच्या जागी ते चमकदार प्लग गेले. "फट कमी केली हाये," ते गोकुळला म्हणाले. "एका फेरीनं काय होते." हे ते स्वतःलाच समजावत होते. आम्हाला त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून गुंडी लावली.

पुष्पांजली परत आली तेव्हा बॉनेट बंद होतं.

गाडी सुटली. खिशाच्या विरलेल्या कापडातून मला अंधुकच दिसत होतं, पण आवाजावरून मी सगळं ओळखलं. वायू सोडल्यावर इंजिन गरजलं, मग आत कोणी हातोडीनं ठोकतंय असा आवाज आला, आणि मग एक फटका. त्यानंतर नुसता घरंगळणाऱ्या चाकांचा आवाज. धावपट्टीच्या मध्यावर निळा धूर काढत गाडी थांबली. गोकुळला काही झालं नाही, हे बरं झालं. पण पिस्टनला भोक पडलं होतं.

लोक गोळा झाले. कोणीतरी विचारलं, काय झालं. गोकुळनं हेल्मेट काढलं आणि सांगितलं, "प्लग ताईनं बसवले होते."

सगळे तिच्याकडे वळले. ती बापाकडे बघत होती. किसनरावांचा हात खिशावर आला. पाचही बोटं मला कापडातून जाणवली. आता गुंडी निघेल, आता मी उजेडात येईन, असं मला वाटलं. त्या हातानं गुंडी काढली नाही. तो तसाच खिसा झाकून राहिला.

"होते असं कवा कवा," किसनराव म्हणाले.

तिनं प्लग पाहायला मागितले, तर इंजिन तापलेलं आहे म्हणून त्यांनी तिला दूर केलं. घरी आल्यावर सांगितलं, वितळले होते, फेकून दिले. आणि जाता जाता असंही म्हणाले, "फट चुकली असन तुह्याकून."

तो शर्ट त्यांनी गॅरेजातल्या खुंटीवर अडकवला, आणि पुन्हा कधी घातला नाही. आम्ही तिथंच लटकत राहिलो. तिथून मी पुष्पांजलीला रोज पाहत होतो. ती गॅरेजात येई, झाडून काढी, आणि हत्यारांना हात न लावता परत जाई. एकदा शेजारचे भागवत आपली मोटारसायकल घेऊन आले. तिनं नुसता आवाज ऐकून दोष सांगावा, ही त्यांची जुनी सवय. "बाबाले दाखवा," ती म्हणाली. "मले आता भरवसा नाई वाटत." किसनराव तिथेच होते. त्यांनी मोटारसायकल ओढून घेतली आणि कामाला लागले.

एखाद्याचा हात कापला तर रक्त दिसतं. हे असं काही कापलं तर दिसत नाही, मित्रांनो.

पोळ्याच्या आधी घरात मोठं धुणं निघालं, तेव्हा पुष्पांजलीची आई रुखमाबाई गॅरेजातले मळके कपडे घेऊन गेल्या. पाण्यात टाकण्याआधी त्यांनी खिसा चाचपला आणि आम्हाला ओट्यावर मांडलं. पुष्पांजली शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिनं लाल ठिपके पाहिले. एक, दोन, तीन, चार. तिनं मला उचलून उन्हात धरलं. माझी माती अजूनही बिस्किटाच्या रंगाचीच होती.

किसनराव जेवायला आले तेव्हा आम्ही त्यांच्या ताटाशेजारी होतो.

"बाबा, तुमीच बदलले?"

ते आमच्याकडे पाहत राहिले. "गोकुळनं लय हौसेनं आणले होते ते. त्याचं मन मोडवलं नाई."

"अन् माह्यं?"

"तू त समजदार हायेस," किसनराव म्हणाले.

रुखमाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे व माय. घरातली गोष्ट हाये, घरातच राहू दे."

पुष्पांजली रडली नाही, ओरडली नाही. त्याच आठवड्यात ती मलकापूरला गेली आणि एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली. तिथेच एका बाईंकडे खोली घेऊन राहू लागली. गोकुळनं गॅरेज पाहिलं नाहीच. तो पुण्याला गाडी चालवायला निघून गेला. तिची मोटार अंगणात चिंचेखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

मग किसनरावांनी आम्हाला घरच्या व्हॅनमध्ये बसवलं. आटे जुळत होते, लांबी जुळत होती. व्हॅनला तीनच प्लग लागतात, म्हणून एक भाऊ खिळ्यांच्या डब्यात गेला. बाजार, पिठाची गिरणी, बसस्टँड, एवढ्या हळू फेऱ्यांत आमचं अंग कधी तापलंच नाही. काजळी चढून मी काळाठिक्कर पडलो. सकाळी गाडी उठत नसे. किसनराव मला काढून पेट्रोलमध्ये बुडवत, तारेच्या ब्रशनं खरवडत आणि पुन्हा तिथेच बसवत. गरम प्लगची पेटी फळीवर होती. त्यांनी ती का घेतली नाही, ते मला कधीच कळलं नाही. शिक्षा ते मला देत होते की स्वतःला, कुणास ठाऊक.

एके दिवशी ते व्हॅन घेऊन मलकापूरला गेले. वर्कशॉपच्या फाटकाशी आल्यावर आम्ही तिघांनीही मान टाकली आणि व्हॅन बंद पडली. पुष्पांजली बाहेर आली. तिनं बॉनेट उघडलं, मला काढलं. डोक्यावरचे मळलेले दोन लाल ठिपके तिला दिसले असतील. तिनं तिथे अंगठा फिरवला.

"हे या गाडीचे नाहीत," ती म्हणाली. तिनं आतून गरम जातीचे नवे प्लग आणले, फट तपासली आणि बसवले. व्हॅन एका झटक्यात सुरू झाली.

किसनराव स्टिअरिंग धरून बसले होते. "चूक माही होती, पुष्पा," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

"घरी कवा येशीन?"

तिनं कपड्यानं हात पुसले. परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती शुद्ध भाषेत बोलली. "आता वाटेत बंद नाही पडणार. निघा तुम्ही, उजेडातच पोचाल."

व्हॅन गेली. ती फाटकातून वळणापर्यंत पाहत होती, मग आत आली आणि आम्हाला भंगाराच्या पिंपात टाकलं. मी तिला दोष देत नाही. मी तिला त्या दिवसाची आठवण देतो, आणि रोज समोर ठेवावी अशी ती आठवण नाही.

उद्या-परवा भंगारवाला येईल आणि मी भट्टीत जाईन. आगीचं मला भय नाही. मित्रांनो, आत्मकथा सांगणारे आमच्यासारखे लोक शेवटी नेहमी म्हणतात की वस्तू जपा, आम्हाला पुसा, कोरड्या जागी ठेवा. मी ते मागणार नाही. मी एवढंच मागतो की, जिनं काम केलं तिचं नाव घ्या. चारचौघांत घ्या, मोठ्यानं घ्या, आणि ती समोर उभी आहे तोवर घ्या.