पडद्यावरची तीन चक्रे

शॉर्टकट नंदिताच्या हाताखाली उघडत होता, सासूच्या हाताखाली उघडत नव्हता. यंत्राला माणसांचे हात ओळखू येतात की काय, अशी शंका तिला येऊ लागली होती.

अण्णा नगरच्या घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून तिचा नवरा विजयेंद्र अंबत्तूरच्या कारखान्यात निघून गेला. निस्तरणे बायकोच्या वाट्याला आले. सासूबाई कामाक्षीअम्मा निवृत्त तमिळ शिक्षिका. परदेशात वाढणाऱ्या मुलांना त्या रोज सकाळी संगणकावरून तमिळ शिकवीत. हा वर्ग त्यांना एकटीने उघडता आला, तरच नंदिताला सोमवारपासून नुंगंबाक्कमच्या कचेरीत रुजू होता येणार होते. होकार आज दुपारपर्यंत कळवायचा होता.

लिनक्स तिलाही नवे. शॉर्टकट म्हणजे इथे मजकुराची एक लहानशी फाइल. तीत एका ओळीत नाव, दुसरीत काय उघडायचे त्याची आज्ञा. आधी ती फाइल नुसतीच आपली आतडी दाखवीत उघडे. मग कळले, तिला चालण्याची परवानगी द्यावी लागते. परवानगी मिळताच करडे दंतचक्र उमटले. तिन्ही शॉर्टकटांना तेच चक्र. चित्रे बदलण्याच्या नादाला ती लागली नाही; खाली शब्द होते ना! नवऱ्याने ठेवलेली इंग्रजी नावे पुसून तिने हौसेने लिहिले: शिकवणी, धडे, पंचांग. ज्या घरात तंजावरची मराठी पिढ्यानपिढ्या जिभेवर टिकली, तिथे पडद्यावर परके शब्द कशाला?

"अम्मा, शिकवणी उघडा."

अम्मांचा बाण चक्रांवरून घुटमळत फिरला. तमिळ पंचांग उघडले.

"आज एकादशी म्हणतंय हे," अम्मा म्हणाल्या. "बरं झालं, कळलं."

नंदिताने आज्ञा तपासली, परवानगी तपासली, शेवटी नवऱ्याला फोन लावला.

"टर्मिनल उघड," तो म्हणाला.

"टर्मिनल म्हटलं की मला बसस्टँड आठवतो. सोपं सांग."

"मग देवाचं नाव घे."

तिने स्वतः दाबून पाहिले; वर्ग निमूट उघडला. अम्मांनी दाबले, धडे उघडले.

"तुझं लिनक्स माझ्यावर रुसलंय ग. त्याला सूनच आवडते. पुन्हा सांग, पहिलं की मधलं?"

"पहिलं-मधलं कशाला, अम्मा? नाव वाचा ना. खाली लिहिलंय."

अम्मांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मला नागरी येत नाहीं ग," त्या म्हणाल्या. "शाळेत तमिळ नि इंग्लीश. बोलणं आईच्या मांडीवर आलं. अक्षर कोणी दिलं नाहीं."

भाषा आणि अक्षर ही दोन वेगळी घरे असू शकतात, हे नंदिताला कधी सुचलेच नव्हते.

"मग सांगितलं का नाहीत?"

"जन्मभर भाषा शिकवली मी. आपलीच वाचता येत नाहीं, हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगू?"

"मला तरी तमिळ कुठे वाचता येतं?"

"ठाऊक आहे की. दूध म्हणून ताकाची पिशवी आणतेस."

नंदिताला हसू आले. "इंग्रजी नावं परत घालू?"

"नक्को. शब्द तोच राहूं दे. अक्षर तेवढं माझं घाल."

नंदिताने फाइल उघडून दिली. अम्मांनी एकेक कळ शोधत तमिळ अक्षरे उमटवली. पुढच्या दोन फाइलींतही तसेच केले. नावे बदलताच चक्रांच्या जागाही इकडच्या तिकडे झाल्या. आता त्यांच्याखाली नुसती वळणे होती, वेटोळी घालून बसलेली.

"यांतली शिकवणी कुठली?"

"मराठीच आहे. वाच की!" अम्मा मनापासून हसल्या. "सेरि, बाहेर जा आतां. दार ओढून घे."

दाराबाहेर नंदिता फोन हातात धरून उभी राहिली. आत शांतता. एकदा 'अय्यो' ऐकू आले, पुन्हा शांतता. तिचा हात दाराच्या कडीवर गेला, तसाच थांबला. मग दूरदेशीच्या कोवळ्या आवाजांचा गलका उठला: "वणक्कम, टीचर!"

सोमवारी येते, असे तिने कचेरीला कळवले. आत नेमके कोणते चक्र दाबले गेले, हे तिला अजूनही सांगता आले नसते.