पाठीमागचं दहिवर

पौषातली पहाट. शुभ्र, निःशब्द, नितळ पहाट. सह्याद्रीच्या खांद्यावरचं इवलंसं जांभुळमाथा गाव धुक्याची घोंगडी पांघरून बसलेलं. तळ्यावरून वाफा उठत होत्या, धवल वाफा, मंद वाफा. आणि पैलकाठी, पूर्वेच्या कड्याखाली, गवताच्या पात्यापात्यावर रात्रीचं दव गोठून दहिवर झालं होतं. असं दहिवर वर्षातून चार-सहा दिवसच पडतं. पडलं की इथल्या माणसाला घरात बसवत नाही.

आणि का बसवावं? आज दहिवराची शर्यत. कानटोप्यांतले पाहुणे, घोडे सोडून आलेले घोडेवाले, शालींतल्या लेकुरवाळ्या, सारं गाव घाटावर लोटलेलं. खेळ साधा, पण हट्टी. होडी वल्हवत पैलकाठी जायचं, कुंभ्याच्या झाडाच्या रुंद पानात दहिवर खरवडून घ्यायचं, परत यायचं. पान पांढरं आलं पाहिजे. पाणी घेऊन आलेल्याला गाव हसतं, आणि आमच्या गावाला हसायला फार लागत नाही.

जो पांढरं आणील त्याची होडी हंगामभर पाहुण्यांना फिरवायच्या रांगेत पहिली. कुणाचंच आलं नाही, तर जुनीच रांग.

या वर्षी मात्र सात होड्यांत एक होडी बाईची होती. सगुणा ढेबे, चाळिशी उलटलेली, धनगरवाड्यात वाढलेली, हिरव्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली. नवऱ्याचा, भागोजीचा, उजवा खांदा श्रावणात निखळला तो पुन्हा वल्ह्याला लागला नाही. होडीवाल्यांची बैठक झाली. बाईमाणसाची होडी रांगेत कशी, म्हणून खल झाला. शेवटी ठरलं: शर्यतीत पांढरं आणून दाखव आणि रांगेत राहा, नाही आणलं, तर होडी काठावर ओढून पालथी घाल. देणाऱ्यांनी हसत हसत दिलेला शब्द होता. तिनं न हसता घेतला.

"वयनी," शिद्धू गोरे होडी सोडता सोडता म्हणाला, "चुलीम्होरं बसल्याला हात ह्यो. त्येच्यात दहिवर टिकंल व्हय?"

"टिकंल का न्हाई, ते तात्या बगतील," सगुणा म्हणाली, आणि वल्हं पाण्यात घातलं.

तात्या म्हणजे कोंडिबातात्या आखाडे, सत्तरी ओलांडलेले पंच. त्यांनी पंचा हलवला. सात होड्या सुटल्या. धुकं फाटलं, धुकं मिटलं. चौदा वल्ह्यांचा छपछप नाद वाफेत शिरला आणि होड्या दिसेनाशा झाल्या. घाटावर शेकोटीशी भागोजी बसला होता, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून. तो शेकत नव्हता, ऐकत होता. सातांतला आपल्या होडीचा नाद कुठला, ते त्याला कळत होतं.

पैलकाठी सगुणेनं पान भरलं. शुभ्र, करकरीत, मिठासारखं दहिवर. बोटं बधिर झाली, नखं निळी झाली; तिनं फुंकर घातली नाही. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे पान पायाशी, समोर ठेवलं. वल्हवणारा बसतो पाठमोरा. जायचं तिकडे पाठ, आलो तिकडे तोंड. समोर ठेवलेल्या पानावर नजर राहते, जिवाला धीर राहतो. बापजाद्यांपासून सगळे तसंच ठेवत आलेले.

सगुणेनं पान पाठीमागे ठेवलं.

माहेरी लहानपणापासून तिनं लोणी वाहिलं होतं. आईची एकच ताकीद असायची: उन्हाकडं तोंड असलं की लोणी पाठीला. पूर्वेकडे चालताना लोण्याची पाटी पाठीशी, आपल्याच सावलीत. वितळलेलं लोणी बाजारात कुणी घेत नाही, हे शहाणपण तिची पाठ शिकली होती. होडीवाल्यांना लोणी वाहायचं कधी काम पडलं नव्हतं, मग त्यांना कुठून कळावं!

अर्ध्या तळ्यात सूर्य कड्यावर आला. केशरी, कोवळा, पण सूर्यच तो. सोनेरी तिरीप पाण्यावरून धावली आणि सहा होड्यांत, सहा पायांशी, सहा पानांत उतरली. शिद्धूनं पाहिलं, वल्ही वेगानं मारली, आणखी वेगानं मारली. डोळ्यांदेखत त्याचं पान ओलं होत गेलं.

सगुणेला काहीच दिसत नव्हतं. तिच्या तोंडावर ऊन, छातीवर ऊन, डोळ्यांत पाणी; पाठीमागे काय उरलंय, काय विरघळलंय, कोण जाणे. मान वळवली तर खांदा वळेल, खांदा वळला तर सावली सरेल. तिला भीती वाटत होती, चांगली धडधडीत भीती. तरी ती वळली नाही. ओढत राहिली, ताठ, रुंद, अचल. आपल्या पाठीची भिंत करून.

घाटाला पहिला शिद्धू लागला. पानात पाणी. दुसरा लागला. पाणी. गाव खिदळलं. तिसरी होडी सगुणेची. कोंडिबातात्या वाकले, पानात बोट घातलं, आणि बोट तसंच वर धरलं. टोकाला पांढरं चिकटलं होतं.

कोंडिबातात्यांनी छाती भरून, चाळीस वर्षांच्या सवयीनं, होडीधन्याचं नाव पुकारलं: "भागोजी ढेबेऽ!"

"आवो तात्या," शेकोटीपासून आवाज आला, "म्या कुटं गेलतो? म्या हितं शेकत बसलोय की! जी गेलती तिचं नाव घ्या."

हसू फुटलं, आणि हसण्यातच एक खणखणीत अभिमान फुटला. कोंडिबातात्यांनी पंचा सावरला, पुन्हा छाती भरली. या घाटावर बाईचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. त्या दिवशी गेलं. "सगुणा ढेबेऽऽ!" शिद्धूनंच पहिली टोपी उडवली.

ती उतरली. मान ताठ होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ भागोजीपाशी गेली आणि पानातलं दहिवर त्याच्या उजव्या, अडलेल्या हाताच्या तळव्यावर ठेवलं. हात शेकोटीनं तापलेला. तिथं ते हळूहळू विरघळलं; मनगटावरून, कोपरावरून, थेंब थेंब ओघळत राहिलं. भागोजीनं ते पुसलं नाही.