ओट्याचे माप

नथ्थू सुताराने फळीखाली सब्बल घातली आणि जोर लावायच्या आतच अर्धी फळी त्याच्या हातात आली. वरून ती अजून ओटाच दिसत होती. खालून मात्र चहात बुडवलेल्या टोस्टासारखी झाली होती. बेसिनच्या कडेचा तुकडा त्याने बोटाने दाबून पाहिला तर बोट सरळ आत गेले.

"यावर सैपाक करत होत्या तुमी, बाई?"

"करतच होती ना," गुणाबाई म्हणाली.

ती दाराशी उकिडवी बसली होती. शेगडी, मिठाची बरणी, मसाल्याचा डबा, चिंचेचे गाडगे असा सगळा संसार तिच्याभोवती जमिनीवर मांडलेला होता आणि लाँच हलली की बरणी डब्यावर आपटून किणकिणत होती. तिने बरणी मांडीशी ओढून घेतली.

लाँच तिच्या नवऱ्याची, भैयाजीची. नदीवर पूल नव्हता तेव्हा कुठल्याशा धरणाच्या कामावरची ही लोखंडी लाँच भंगारात निघाली आणि भैयाजीने ती घेतली. त्या दिवसापासून सिरोंच्यातले लोक त्याला कॅप्टन म्हणायला लागले. म्हणणाऱ्यांची थट्टा होती, पण भैयाजीने ती मनावर घेतली आणि पांढरी टोपीही आणली. पुढे पूल झाला, उतारू पुलावरून जाऊ लागले. उरले ते संगम बघायला येणारे. त्यातले बहुतेक तेलंगणातले. त्यांना पाण्यावर एक चक्कर मारून आणायची आणि मग गुणाबाईच्या हातचा चिंचेतला मासा आणि भात वाढायचा, असा धंदा उरला. लोक संगमासाठी कमी आणि माशासाठी जास्त येतात, हे कॅप्टन सोडून सगळ्यांना ठाऊक होते.

स्वयंपाकाची जागा मागे, इंजिनाला लागून. दोन बायका एका वेळी आत उभ्या राहिल्या तर एकीला श्वास रोखून धरावा लागेल एवढीच. उन्हाळ्यात खालून इंजिन तापायचे आणि वरून शेगडी. काठाला बांधलेली असली तरी लाँच स्थिर म्हणून कधी राहत नाही. उभे राहणाऱ्याच्या पिंढऱ्या दिवसभर तिला सावरत बसतात. गुणाबाईला आता घरी खाटेवर पडल्यावरही खाट हलल्यासारखी वाटायची. ती दमली होती, आणि ते दमणे झोपेने जात नव्हते. पावसाळ्यात पहिल्यांदा भाताच्या पातेल्याखाली फळी करकरली तेव्हा तिने कोणाला सांगितले नाही. मोडू दे एकदाची, असे तिच्या मनात आले होते. ओटा नाही तर स्वयंपाक नाही, आणि स्वयंपाक नाही तर मग कसली लाँच.

पण फळी मोडली ती भैयाजीच्या देखत, आणि तो तडक नथ्थूला सांगून आला.

भैयाजीला खरे तर ग्रॅनाइट बसवायचे होते. गडचांदूरला मुलाच्या, प्रफुलच्या, घरमालकाकडे त्याने तसा काळा चकचकीत ओटा पाहिला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यातून तो जात नव्हता. नथ्थूने त्याला समजावले की एका अंगाला एवढा दगड टाकला तर लाँच त्या अंगाला कलेल आणि माशाचा रस्सा ताटातून पाहुण्यांच्या मांडीवर येईल. भैयाजीने थोडी हुज्जत घातली, मग सागवानावर तडजोड केली. आता ती नवी फळी बाहेर छपराखाली उभी होती आणि तिचा कोवळा वास मागच्या डिझेलच्या वासात मिसळत होता.

पुढच्या भागात सून, नीलिमा, पाहुण्यांच्या खुर्च्या धूत होती. प्रफुल सिमेंटच्या गाड्या चालवायचा, महिना-दोन महिन्यांनी घरी यायचा. नीलिमा इथेच राहून लाँचवर वाढणे, घासणे, मासे साफ करणे बघायची. बारावीला तिने विज्ञान घेतले होते. गडचिरोलीला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि दिवाळीनंतर वर्ग सुरू व्हायचे होते. हे तिने सासूला एका दुपारी मासे खवलताना सांगितले, माशाकडेच बघत. दोन वर्षे लागतात, एवढेच पुढे म्हणाली. गुणाबाई 'बघू' म्हणाली. या घरात 'बघू'चा अर्थ काय, हे नव्याने आलेल्या सुनेलाही आठवडाभरात कळते. नीलिमाने पुन्हा विषय काढला नाही. प्रफुलने फोनवर सांगितले की बाबांना विचार, आणि बाबांना विचारले की पहिला प्रश्न येणार होता, मग लाँचवरचे हे सगळे करणार कोण. म्हणून कोणी विचारलेच नव्हते.

नथ्थूने राहिलेले खिळे उपटले, सडके पाय तोडून बाहेर फेकले आणि कानामागची पेन्सिल काढली. लाकडाचे सगळे माप तो टेपने घ्यायचा, पण ओट्याचे नाही. ओट्याला टेप चालत नाही, असे त्याच्या बापाने त्याला शिकवले होते. जी बाई रांधणार तिने त्याच जागी अनवाणी उभे राहायचे, कढईत पळी फिरवावी तसा हात कोपरात मोडायचा, आणि कोपराच्या खाली चार बोटांवर भिंतीला रेघ मारायची. त्या रेघेवर फळी बसली की ओटा त्या बाईचा झाला. दुसरीने तिथे रांधले तर अन्न शिजेल, पण पाठ तिला शिव्या देईल. त्यामुळे या भागात कोणाच्या घरी ओट्याचे माप कोणाचे घेतले, ही गोष्ट बायका लक्षात ठेवत. सुनेचे माप घेतले म्हणजे घर सुनेच्या हाती गेले, हे बोलून दाखवावे लागत नसे.

"या बाई," नथ्थू म्हणाला.

गुणाबाई उठायला हात टेकत होती, तेवढ्यात इंजिनाजवळून भैयाजी बोलला.

"या बारी नीलिमाचं घे."

नथ्थू थांबला. भैयाजी चिंध्यांना हात पुसत दाराशी आला. त्याने हे आधीच ठरवून ठेवलेले असावे, कारण तो पाठ केल्यासारखा बोलला.

"हिनं बहुत केलं. इंजिनापेक्षा जास्त चालली हे. आता बसू दे हिले आरामात."

एवढे बोलून तो लाजला आणि पुन्हा हात पुसायला लागला, जरी ते पुसून झाले होते. गुणाबाईला रडू आले नाही, पण यायला हरकत नव्हती. हे वाक्य ऐकायला तिने किती उन्हाळे काढले होते ते तिलाच माहीत. तिला आनंद झाला, अगदी उघडा आनंद. उठायला निघालेली ती पुन्हा खाली बसली. आपण बसलो आहोत आणि आपल्याला कोणी उठवणार नाही, हे तिने थोडा वेळ अनुभवून पाहिले.

नीलिमाला हाक गेली. ती ओले हात साडीला पुसत आली, चपला दाराशी काढल्या आणि सासूला वळसा घालून आत गेली. भैयाजीने तिला सांगितले की आता ओटा तिच्या मापाचा होणार. तिने मान हलवली. ती गुणाबाईपेक्षा चांगली वीतभर उंच होती. लग्नात बायकांनी त्यावरून बरीच कुजबुज केली होती.

"इथी उभी राय पोरी. हात मोड."

नीलिमाने हात मोडला. नथ्थूने कोपराखाली चार बोटे धरली, पेन्सिल टेकवली आणि मागे सरून बघितले.

"अजब हाये," तो म्हणाला. "दिसाले उंच आन् माप तं बुटकं येऊन राह्यलं. सीधी उभी राय."

नीलिमा सरळ झाली. नथ्थूने पुन्हा बोटे धरली, आणि पुन्हा त्याच्या कपाळाला आठी पडली.

तो कोपराकडे बघत होता, म्हणून त्याला दिसले नाही. गुणाबाई जमिनीवर बसली होती, तिला दिसले. साडीच्या निऱ्या गुडघ्यांपाशी पुढे आल्या होत्या. नीलिमाने गुडघे वाकवले होते. नथ्थू बोलला की ती सरळ व्हायची आणि त्याने पेन्सिल उचलली की इंच इंच खाली जायची. चेहरा समोरच्या लोखंडी भिंतीकडे, त्यावर काहीच नाही. पोरीला नाही म्हणता येत नव्हते, म्हणून ती बुटकी होत होती.

गुणाबाईने नजर वळवली. आपण पाहिलेच नाही असे समजून बसता येईल, असे तिला वाटले, आणि ती खरोखर थोडा वेळ तशी बसलीही. बरणीचे झाकण तिने उघडले, लावले. पोरगी तरणी होती, पाय धड होते. सासरी आलेल्या कोणाला रांधणे चुकले आहे? आपल्याला कोणी विचारले होते? हे सगळे तिच्या मनात रागानेच आले. नथ्थू तिसऱ्यांदा पेन्सिल टेकवत होता.

मग तिने चौकटीला धरले आणि उठली. गुडघे वाजले ते भैयाजीलाही ऐकू आले.

"सरक तिथून," ती सुनेला म्हणाली. "नथ्थू, मायं घे."

"काऊन वं?" भैयाजी म्हणाला. "तुयासाठीच तं करून राह्यलो मी."

"हिच्या हातचा भात गिच्च होते. पावने एक बारी येतीन, दुसऱ्यांदा येनार नाई."

भैयाजीने तोंड उघडले. घरी नीलिमाचा भात मोकळा व्हायचा, दाणा न् दाणा वेगळा, आणि तो रोज तिच्याकडून दोनदा मागून घ्यायचा. त्याने सुनेकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. आपल्याला काहीतरी माहीत नाही, एवढे त्याला कळले.

"आन् ते गडचिरोलीले जाऊन राह्यली," गुणाबाई म्हणाली. "नर्सिंगले. दोन वर्सं."

"कधी ठरलं हे?"

"ठरलं."

नीलिमा आतच अडकल्यासारखी उभी होती. त्या जागेत तिला सासूच्या अंगाला घासूनच बाहेर पडावे लागणार होते आणि ती पडत नव्हती. तिचे गुडघे आता पूर्ण सरळ झाले होते. डोके वरच्या पत्र्याला लागायला थोडेच राहिले होते.

भैयाजीने कधी नव्हे ती टोपी काढली, आत बघितले आणि पुन्हा घातली. एवढी गोड गोष्ट त्याने मनात जुळवून आणली होती आणि ती कोणी घेतली नव्हती, याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. गुणाबाईला त्याची दया आली. नंतर कधीतरी त्याला नीट सांगू, असे तिने ठरवले.

ती भिंतीशी उभी राहिली आणि हात मोडला. नथ्थूने चार बोटे धरून रेघ मारली. मग ती नीट उमटावी म्हणून त्याने आजूबाजूची काजळी फडक्याने पुसली, तेव्हा वर दुसरी रेघ निघाली, जाड, लोखंडावर खिळ्याने ओरखडलेली. त्याच्या बापाने मारलेली, लाँच आणली तेव्हाची, गुणाबाईच्याच मापाची. नथ्थूने दोन्ही रेघांमध्ये बोटे ठेवून पाहिली. दोन बोटे मावली, आणि थोडी जागा उरली.

"तुमी बी तसंच करून राह्यल्या काय बाई," तो वैतागून म्हणाला. "सीधे उभे राहा."

"सीधीच आहो," गुणाबाई म्हणाली.

नथ्थूने तिच्या पायांकडे पाहिले. गुडघे वाकवलेले नव्हते. मग वरच्या रेघेकडे. पेन्सिल हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मागे भैयाजीचा हात चिंध्यांत थांबला होता.

"अजून एक बोट खाली घे," ती म्हणाली. "दोन वर्सं काढाची आहेत."